हाडमाच काबर?

सुई टोचून झाल्यावर सिस्टरने सांगितलं, आता तीन तास थांबायचं, पाणी पाजत राहायचं आणि आज दिवसभर लहान लेकरांना मांडीवर घ्यायचं नाही. नाशिकमधल्या त्या स्कॅन सेंटरचा हॉल तळघरात होता आणि एसी असा लावलेला, की तापीकाठच्या उन्हातून आलेल्या मामीने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. ती पाणी प्यायची, उठायची, बाथरूमला जायची, परत येऊन त्याच खुर्चीत बसायची. कंबरेला हात लावून उठणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. तीन-चार महिने तिने त्या दुखण्याला दादच दिली नव्हती. ‘निंदी-निंदी पाठ दुखस, दुसरं काय व्हई?’ म्हणत बाम चोळत होती. मग एका रात्री कूस बदलताना ओरडली आणि मामांनी मला धुळ्याला फोन केला. सात-आठ वर्षांपूर्वी तिच्या स्तनातली गाठ काढली होती. किमो झाली, शेक झाले, रोजची गोळीही पाच वर्षं घेऊन संपली होती. त्यामुळे फोनवर ‘पाठ’ ऐकलं तेव्हाच मी काय ते समजलो, आणि न समजल्याच्या आवाजात म्हणालो, नाशिकला एकदा दाखवून घेऊ.

दुपारी पडद्यावर मामीचा सांगाडा उमटला. एक समोरून, एक पाठीकडून. करड्या ठिपक्यांचे मणके, बरगड्या, कंबरेचं हाड, आणि त्यात मधेच गडद काळे डाग. दोन मणक्यांवर, एका बरगडीवर, कंबरेच्या उजव्या बाजूला. डॉक्टरांनी घाई न करता समजावून सांगितलं. मामा चष्मा कपाळावर चढवून त्या चित्राकडे बघत राहिले. किती दिवस, किती खर्च, काही विचारलं नाही. बाहेर रसवंतीपाशी आल्यावर उसाच्या रसाचा ग्लास हातात तसाच धरून म्हणाले, “भाचा, इतलं मोठं आंग पडेल व्हतं. हाडमाच काबर गयं व्हई ते?”

वाचीसन सांगस मामा, असं म्हणून मी ग्लास तोंडाला लावला.

चांदवड गेलं, मालेगाव गेलं, मामी मागच्या सीटवर डोळे मिटून पडली होती, आणि तो प्रश्न गाडीत आमच्याबरोबरच बसून होता. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. पेशी, पेशीचं आवरण, पेशीविभाजन हे सगळं फळ्यावर काढून काढून हाताला पाठ झालंय. रोग आला कुठून, हे सगळेच विचारतात. देवाला विचारतात, डॉक्टरला विचारतात, नशिबाला विचारतात. तो तिथेच का थांबला, हे मात्र शेतकरी माणूसच विचारतो. एकाच बांधावरून वाहून आलेलं बी एका वावरात उगवतं आणि शेजारच्या बरडावर वाळून जातं, हे ज्याने जन्मभर बघितलं, त्याला ‘पसरलंय’ या शब्दाने समाधान होणार नाही.

आधी त्या चित्राबद्दल सांगायला हवं, कारण त्यानेच मला पुढची वाट दाखवली. दंडात टोचलेलं औषध म्हणजे टेक्निशियम नावाचं किरणोत्सारी मूलद्रव्य, हाडाला चिकटणाऱ्या एका रसायनाला जोडून दिलेलं. दर सहा तासांनी ते निम्मं होतं, म्हणून नातवंडांना जवळ घेण्याची मनाई एका दिवसापुरतीच. पण ते कर्करोगाच्या पेशीला चिकटत नाही. हाड जिथे नेहमीपेक्षा जास्त घाईने स्वतःला बांधत असतं, तिथे ते जाऊन बसतं. म्हणजे पडद्यावर जे काळं दिसलं, ते मामीचं स्वतःचं हाड होतं, मोडलेलं भरून काढायच्या खटपटीला लागलेलं. आम्ही सगळे ते डाग रोग म्हणून बघत होतो. प्रत्यक्षात आम्हाला बी दिसतच नव्हतं, दिसत होती ती जमीन.

बी आणि जमीन ही उपमा काही माझी नाही. १८८९ साली लंडनच्या स्टीफन पॅजेट नावाच्या सर्जनने स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी चाळल्या. रोग रक्ताबरोबर वाहत जाऊन जिथे अडकेल तिथे वाढत असेल, तर तो सगळीकडे थोडाफार सारखा सापडायला हवा. यकृतात तो २४१ जणींना सापडला. प्लीहेत फक्त १७ जणींना. प्लीहेलाही रक्त काही कमी जात नाही. हाडांतही काही ठरावीक हाडांवरच त्याचा जोर दिसला. पॅजेटने लिहिलं ते साधारण असं, की बी चहूकडे उडतं, पण रुजतं ते मानवणाऱ्या जमिनीतच. आणि सगळे विद्वान बियाण्याच्या मागे लागलेत, कोणीतरी मातीकडेही बघा. शहरातल्या सर्जनला ही शेतकऱ्याची अक्कल कुठून सुचली असेल, याचं मला कौतुक वाटतं. मधे बरीच वर्षं हे मागे पडलं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जेम्स युइंगसारख्या वजनदार माणसाने, रक्ताचा प्रवाह जिथे नेईल तिथे रोग जाणार, एवढंच पुरे असं मांडलं. त्यातही तथ्य होतं. १९४० साली ऑस्कर बॅटसनने दाखवलं, की पाठीच्या कण्याभोवती शिरांचं एक जाळं आहे, त्या शिरांना झडपा नाहीत, आणि खोकताना-शिंकताना पोटात दाब वाढला की रक्त तिथे उलटंही वळतं. स्तनाकडून, पुरुषांतल्या प्रोस्टेट ग्रंथीकडून मणक्यांकडे जायला ही आडवाट आहेच. पण वाट आहे म्हणून कोणी गावात राहायला येत नाही. आयझाया फिडलरने १९७० च्या सुमारास उंदरांच्या शिरेत खूण केलेल्या कर्करोगपेशी सोडून बघितल्या. चोवीस तासांनी हजारात एखादीच जिवंत उरली होती. बाकीच्या रक्ताच्या ओघात फाटल्या, रोगप्रतिकारक पेशींनी गाठल्या, नाहीतर पाय टेकायला जागा न मिळाल्याने मेल्या. अंगाबाहेर काढलेल्या एखाद्या धडधाकट पेशीलाही आधार मिळाला नाही तर ती स्वतःहून मरून जाते. कर्करोगाची पेशी या बाबतीत जरा निगरगट्ट झालेली असते, इतकंच.

मग पाय टेकायला जागा कुठे मिळते, यावर सगळं येऊन ठेपतं. आणि इथून पुढे वाचताना मी अस्वस्थ होत गेलो.

प्रौढ माणसाच्या अंगात लाल मज्जा, म्हणजे हाडातला रक्त तयार करणारा गर, उरते ती मणक्यांत, बरगड्यांत, छातीच्या पाटीत, कंबरेत, आणि मांडीच्या-दंडाच्या हाडांच्या वरच्या टोकाशी. मामीच्या डागांचा नकाशा हाच. तिथे रोज सुमारे वीस हजार कोटी तांबड्या पेशी तयार होऊन बाहेर पडतात. एवढी ये-जा व्हायची तर वाटा रुंद हव्यात, म्हणून तिथल्या रक्तवाहिन्या पसरट, त्यांच्या भिंती पातळ आणि सच्छिद्र, आणि रक्ताची चाल मंद. भिंतीच्या आतल्या बाजूला ई-सिलेक्टिन नावाचं प्रथिन असतं, जे वाहत्या पेशीला हलकेच धरून तिची चाल आणखी मंदावतं. शिवाय मज्जेतल्या पेशी सीएक्ससीएल-१२ नावाचं एक रसायन सतत सोडत असतात. रक्ताच्या मूळपेशींना, म्हणजे ज्यांच्यापासून सगळं रक्त बनतं त्यांना, ते ओळखता येतं. मज्जा-प्रत्यारोपणात दात्याच्या पेशी हाडात घालाव्या लागत नाहीत. बाटली लावतात तशा शिरेतून सोडतात आणि त्या आपल्या आपण हाडात जाऊन बसतात. हे पहिल्यांदा कळलं होतं तेव्हा मला निसर्गाबद्दल फार भरून आलं होतं, वर्गात दरवर्षी रंगवून सांगतो मी ते. आता वाचलं, की २००१ साली असं आढळलं, स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवरही तेच रसायन ओळखणारी यंत्रणा असते. आणि २०११ साली उंदरांत दिसलं, की प्रोस्टेटच्या कर्करोगपेशी मज्जेतल्या मूळपेशींच्याच जागेवर हक्क सांगतात, त्यांना उठवून तिथे बसतात. ज्या आतिथ्यामुळे परक्याची मज्जा आपल्या हाडात नांदते, त्याच आतिथ्याचा हा फायदा.

भिंत ओलांडली की लागतं ते मॅट्रिक्स. पेशींच्या बाहेर, पेशींनीच विणलेलं प्रथिनांचं जाळं. आमच्या लॅबमध्ये एक जुना प्रयोग आहे. कोंबडीच्या तंगडीचं हाड विरळ आम्लात दोन-चार दिवस बुडवून ठेवायचं. कॅल्शियम विरघळून जातं आणि बरणीतून जे निघतं ते हाडाच्याच आकाराचं, पण बोटांनी वाकवता येणारं, बुळबुळीत, पिवळसर काहीतरी असतं. त्याची चक्क गाठ मारता येते. पोरं किंचाळतात, पोरी मोबाईल काढतात, आणि आंबूस वास दुपारपर्यंत हाताला राहतो. ते जे वाकतं ते कोलॅजन. हाडाच्या सेंद्रिय भागात सुमारे नव्वद टक्के तेच, पहिल्या प्रकारचं कोलॅजन. उरलेल्या दहा टक्क्यांत खरी गंमत आहे: ऑस्टिओपॉन्टिन, बोन सायलोप्रोटीन, फायब्रोनेक्टिन, थ्रॉम्बोस्पॉन्डिन, पेरिऑस्टिन. आमच्या पाठ्यपुस्तकात ही सगळी मंडळी ‘इतर प्रथिने’ या एका शब्दात आटोपतात. मामांच्या वावराची माती परीक्षणाला जाते तेव्हा नत्र, स्फुरद, पालाश, सामू असा रिपोर्ट येतो आणि मामा त्यातला एकेक आकडा बोट ठेवून वाचतात. ‘जमीन’ म्हणून त्यांनी कधी विषय संपवला नाही. आम्ही शिकवणारे मात्र मॅट्रिक्स म्हणजे भराव म्हणून मोकळे होतो.

पेशी या जाळ्यात चालते कशी, तर धरून. तिच्या आवरणातून आरपार गेलेली इंटिग्रिन नावाची प्रथिनं असतात. त्यांचं एक टोक बाहेरच्या जाळ्याला धरतं, दुसरं आत पेशीच्या सांगाड्याला बांधलेलं असतं. पेशी पुढे एक पातळ पाय काढते, त्या पायाखाली इंटिग्रिन जाळ्याला पकडतात, आतले तंतू आकुंचन पावतात, अंग पुढे ओढलं जातं, आणि मागची पकड सुटते. जाळं फार दाट असेल तर पेशी ते तोडणारी विकरं सोडून वाट करते. यात एक बारकावा मला फार आवडला. पकड ढिली असेल तर पाय घसरतो आणि पेशी हलत नाही; पकड फार घट्ट असेल तर पाय सुटत नाही, तरीही हलत नाही. मधल्या पकडीवर चाल सगळ्यात जास्त. म्हणजे कुठलं प्रथिन किती दाट पसरलंय, यावर पेशी चालेल, थांबेल की तिथेच घर करेल हे ठरतं. धरायची जागा तरी किती मोठी? १९८४ साली एरकी रुओस्लाहती आणि मायकल पिअर्शबाखर यांनी फायब्रोनेक्टिनच्या लांबलचक साखळीत ती शोधून काढली. आर्जिनिन, ग्लायसिन, अस्पार्टिक आम्ल. तीन कड्या. तीच तीन अक्षरं ऑस्टिओपॉन्टिनमध्ये आहेत, बोन सायलोप्रोटीनमध्येही आहेत. हाडाकडे जाणाऱ्या स्तनाच्या कर्करोगपेशींवर त्यांना धरणारं एक विशिष्ट इंटिग्रिन, अल्फा-व्ही-बीटा-३, पुष्कळदा वाढलेलं सापडतं. प्रोस्टेटच्या पेशी दुसरं एक वापरून थेट कोलॅजनला धरतात. काही पेशी तर याच्याही पुढे जातात. स्वतःच ऑस्टिओपॉन्टिन आणि बोन सायलोप्रोटीन तयार करू लागतात, म्हणजे वागण्यात हाडाच्या पेशी होतात.

जूनच्या शेवटी चोपड्याकडे गेलो तेव्हा हे सगळं मामांना कसं सांगायचं याची जुळवाजुळव बसमध्ये करत होतो. तापीचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना केळी सुरू होते आणि हवा एकदम दमट होते. मामा बागेत होते. नवीन लागवड गुडघ्याएवढी झालेली, ड्रिपच्या नळ्या ओळीने पसरलेल्या, आणि प्रत्येक तोटीपाशी हिरव्यागार लव्हाळ्याचा झुबका. दोन ओळींच्या मधली काळी माती कोरडी आणि स्वच्छ. मामा उकिडवे बसून कुदळीच्या टोकाने गाठी उकरत होते. मी म्हटलं, औषध मारत नाही का. म्हणाले, मारलं तर वरचं जळतं, गाठ खालीच राहते. मग न विचारताच पुढे म्हणाले, “जठे खत, तठे लव्हाळा.” मी बसमध्ये जुळवलेलं सगळं तिथेच टाकून दिलं. म्हटलं, मामा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. हाडात सगळ्यात चांगली माती आहे, पाणी आहे, खत आहे. आपल्या रक्तासाठी केलेली सोय आहे ती. ते तिथे गेलं, कारण तिथे सगळं चांगलं होतं.

मामांनी हातातली गाठ झटकून पाटीत टाकली. “मंग जमीन खराब नही ना?”

त्या ‘खराब’ शब्दामागे काय होतं हे मला घरी गेल्यावर कळलं. ओसरीवर बायकांची ये-जा चालू होती. कोणी उसळ आणलेली, कोणी नुसतीच तोंड दाखवायला. बोलणं फिरून फिरून एकाच ठिकाणी येत होतं. हिच्या माहेरीच कोणाला होतं का. बाळंतपणात डिंकाचे लाडू नीट खाल्ले नसतील, म्हणून हाडं कच्ची राहिली. कोणाचं वाईट केलं नाही बिचारीने, तरी. एकीने चहाचा कप उंबऱ्याच्या आतच ठेवून दिला, न पिता. मामी हे सगळं मान हलवत ऐकत होती आणि मधेच कोणाच्या सुनेचे दिवस भरत आलेत का विचारत होती. मला या बायकांचा राग येतो आणि येत नाही. पाच-सहा महिन्यांनी यांच्यातलीच एक रात्रभर मामीचे पाय दाबत बसेल, हेही मला माहीत आहे. पण दुखण्याचं मूळ माणसाच्या उणिवेत शोधायची जी सवय आहे आपल्याला, तिच्यापुढे पॅजेटची उपमासुद्धा धोक्याची ठरते. बी वाईट हे कोणीही मान्य करतं. जमीन मानवली म्हटलं की ऐकणारा लगेच जमिनीचा दोष मोजायला बसतो. वैद्यकातली किती वाक्यं घरात शिरताना अशी वाकडी होतात! म्हणून मी ओसरीवर मुद्दाम मोठ्याने सांगितलं, की मामीची हाडं कच्ची नव्हती, कसदार होती. कोणाला पटलं असं वाटत नाही. मामीने मात्र वळून बघितलं.

रात्री जेवणं झाल्यावर तिनेच विषय काढला. शेवभाजीचा तिखटपणा अजून टाळूवर होता, लाईट गेलेली, आणि अंगणात बाजा टाकलेल्या. “आठ वरीस झोपेल व्हतं ना ते?” ती म्हणाली. “मंग उठाडं कोनी?”

मामांच्या प्रश्नापेक्षा हा अवघड होता, आणि माझ्या मते या साऱ्या विषयाचा गाभा इथेच आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या टप्प्यांत निदान झालेल्या ४,७०३ रुग्णांची माहिती एकत्र करून २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निदानाच्या वेळीच साधारण तीस टक्के रुग्णांच्या मज्जेत तुरळक कर्करोगपेशी सापडल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच जणींना पुढे हाडांचा काही त्रास झाला नाही. म्हणजे पोचणं ही एक गोष्ट, वाढणं ही वेगळी. मामीच्या हाडात त्या पेशी बहुधा गाठ काढायच्या आधीच जाऊन बसल्या असतील. त्यानंतर थोरल्या पोरीचं लग्न झालं, दोन बाळंतपणं झाली, आखाजीला झोके बांधले गेले, श्रावणात कानबाईचे रोट झाले, हिवाळ्यात वावरात भरताच्या पंगती उठल्या, मामीने खापरावर मांडे टाकले, आणि एवढा सगळा काळ त्या तिथे गप्प बसून होत्या. त्यांना गप्प कोणी बसवलं? पुन्हा मॅट्रिक्सनेच. स्थिर, जुन्या रक्तवाहिन्यांच्या भोवती थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ नावाचं प्रथिन असतं. २०१३ साली असं दाखवलं गेलं, की त्याच्या सान्निध्यात स्तनाच्या कर्करोगपेशी विभाजन थांबवून पडून राहतात. पण त्याच रक्तवाहिनीला नवा फाटा फुटू लागला, की त्या कोवळ्या टोकाशी प्रथिनं बदलतात. थ्रॉम्बोस्पॉन्डिन कमी होतं, पेरिऑस्टिन आणि पेशींना संदेश देणारं टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन वाढतात, आणि झोपलेली पेशी उठते. २०२२ साली आणखी एक धागा हाती लागला. झोपलेल्या काही पेशी स्वतःभोवती तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजनचं जाळं विणतात, आणि ते जाळं आहे तोवर झोपून राहतात.

मी मामीला एवढंच म्हणालो, की तुझ्याच अंगाने त्याला इतकी वर्षं दाबून धरलं होतं. उठवायला कोणी बाहेरून आलं नाही. हाड दरवर्षी आपला दहावा हिस्सा मोडून नव्याने बांधत असतं, कुठे रक्तवाहिनीला नवा फाटा फुटतो, वयाने आणि पाळी गेल्यावर ही उलथापालथ वाढते, त्यात कुठेतरी त्याला जाग आली. तुझ्या कुठल्याही करण्याने नाही. हे बोलताना मला एकाच वेळी दिलासा दिल्यासारखं आणि घाबरवल्यासारखं वाटत होतं. ज्या जाळ्याने धरलं त्यानेच सोडलं, हे ऐकून कोणाला बरं वाटेल? मामी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आठ वर्षं काही थोडी नाहीत.

पुढचं मात्र मामांना सांगणं सोपं गेलं, कारण त्यात औषध होतं. जागी झालेली पेशी स्वतः हाड खात नाही, खायला लावते. ती असं रसायन सोडते, की हाड बांधणाऱ्या पेशी रँक-लायगँड नावाची खूण वर काढतात. ती खूण बघून हाड पोखरणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी कामाला लागतात. हाड पोखरलं, की त्याच्या मॅट्रिक्समध्ये बांधताना साठवून ठेवलेलं टीजीएफ-बीटा मोकळं होतं, आणि ते कर्करोगपेशीला आणखी चेव आणतं. ग्रेगरी मंडी आणि थेरेसा गाइज यांच्या कामातून हे दुष्टचक्र नीट उलगडलं. म्हणून हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांनी बी आवरायचं, आणि जोडीला झोलेड्रॉनिक ॲसिडची बाटली लावून जमीन सांभाळायची. ते औषध हाडाच्या खनिजाला चिकटून बसतं आणि पोखरायला आलेली पेशी त्याच्यासकट हाड गिळते तेव्हा ती मरते. डेनोसुमॅब नावाचं दुसरं इंजेक्शन ती खूणच झाकून टाकतं. मामा म्हणाले, म्हणजे हे तणनाशक नाही, हे जमिनीचं औषध. मी म्हटलं, अगदी बरोबर. इंटिग्रिनची पकडच सोडवायची, ही कल्पना ऐकायला याहून सुंदर आहे, आणि अल्फा-व्ही-बीटा-३ ला अडवणारं सिलेंजिटाइड नावाचं औषध खूप आशेने पुढे आलंही. मेंदूच्या एका कर्करोगावरच्या मोठ्या चाचणीत २०१४ साली ते अपयशी ठरलं. जाळं आणि पेशी यांच्यातली देवाणघेवाण एका बोटाने धरलेली नसते. मामांना मी हे सांगितलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

त्यांनी विचारलं ते वेगळंच. मामीचा एक दात हलत होता आणि तो काढून जखम भरल्याशिवाय बाटली लावायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, कारण या औषधाने जबड्याचं हाड कधीकधी चिघळतं. त्यामुळे पहिला डोस जुलैच्या मध्यावर गेला. त्या दिवशी बाटली संपायची वाट बघत आम्ही दोघं वऱ्हांड्यात उभे होतो. मामा म्हणाले, “त्यासले परत झोपाडता येत नही का?” मी त्यांना २०२२ च्या त्याच कामाबद्दल सांगितलं. वाढत्या पेशींभोवती तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजनने समृद्ध जाळं दिलं, तर उंदरांत त्या पुन्हा गप्प बसल्या. “उंदीरमा,” मामा म्हणाले. उंदरांत, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. त्यांच्या दृष्टीने विषय संपला नव्हता, पुढच्या हंगामावर गेला होता, आणि बियाण्याच्या बाबतीत त्यांना ही सवय आहे.

मग त्यांनी खिशातून फवारणीची वही काढली, मागच्या पानावर आजची तारीख लिहिली आणि पुढचा डोस कधी असं विचारलं. पूर्वी दर चार आठवड्यांनी लावायचे, पण २०१७ सालच्या एका मोठ्या चाचणीनंतर बारा आठवड्यांनी लावलं तरी तेवढंच चालतं असं ठरलं. बारा आठवडे मोजले तर ऑक्टोबरचा पहिला आठवडा निघत होता. म्हणजे कापसाची पहिली वेचणी, मजूर मिळायची मारामार, आणि एक अख्खा दिवस नाशिकला. मामांनी तारखेला गोल करून त्यावर प्रश्नचिन्ह काढलं. आठवडाभर मागेपुढे चालेल का, हे आत जाऊन डॉक्टरांना विचारायचं काम माझ्याकडे आलं.